सोमवारी चर्चची किल्ली कोणाकडे असते?

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळक, पंच आणि पास्टोरेट कमिटीच्या (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या) सभासदांना खुले पत्र

आदरणीय पाळक साहेब, पाळकबाई, पंच आणि कमिटीचे सर्व सभासद यांना,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

‘रोज थोडा वेळ देवाबरोबर एकांतात घालवा’ हे वाक्य आपल्या उपदेशपीठावरून महिन्यातून एकदा तरी ऐकू येते. ऐकणारा मान डोलावतो, घरी जातो, आणि घरात पाऊल ठेवताच पहिला प्रश्न पडतो: बसू कुठे? दहा बाय बाराची खोली, पाच माणसं, एक टीव्ही, पहाटे पाचला नळाला येणारं पाणी. आतून कडी लागणारं घरातलं एकच दार, ते मोरीचं. अशा घरातल्या माणसाला आपण मत्तयच्या सहाव्या अध्यायातलं सहावं वचन वाचून दाखवतो: आपल्या खोलीत जा, दार लावून घे आणि गुप्तवासी पित्याची प्रार्थना कर.

त्या वचनात ‘खोली’साठी आलेला मूळ ग्रीक शब्द ‘तामेइऑन’ असा आहे. त्याचा अर्थ कोठीची खोली, धान्य आणि तेल ठेवायची आतली जागा. प्रभूचं ऐकणाऱ्या गरीब शेतकऱ्या-कोळ्यांकडे प्रार्थनेची वेगळी खोली नव्हतीच. मिळेल तो आडोसा वापरा, एवढंच त्या शब्दात आहे. खुद्द प्रभूने डोंगर वापरला, रान वापरलं, गेथशेमाने बाग वापरली. आपल्या सभासदाजवळ डोंगर नाही. पण मंडळीजवळ एक इमारत आहे. काही ठिकाणी ती मिशनच्या काळातली आहे, जाड दगडी भिंतींची, दोन-तीनशे माणसं बसतील अशी. रविवारी दुपारी तिला कुलूप लागतं, ते सभांपुरतं आणि शनिवारी संध्याकाळी गायक मंडळाच्या सरावापुरतं निघतं. म्हणून या पत्रातली आमची पहिली आणि मुख्य मागणी साधी आहे. ती किल्ली आठवड्यातून काही तास बाहेर काढा. दुसरी मागणी पहिलीच्या पोटातच आहे: एकांतात बसून काय करायचं हे लोकांना शिकवा. नुसतं ‘प्रार्थना करा’ सांगणं म्हणजे ‘पोहा’ म्हणून विहिरीत ढकलणं.

आठवड्याचा हिशोब मांडून पाहा. रविवारी उपासना आणि संडेस्कूल, मंगळवारी महिला मंडळ, बुधवारी बायबल स्टडी, शुक्रवारी उपास-प्रार्थना, शनिवारी तरुण संघ, मधल्या दिवशी कोणाच्या तरी घरी कॉटेज प्रेयर. यातलं एकही वाईट नाही. पण यातला प्रत्येक कार्यक्रम कोणाच्या तरी आवाजाने भरलेला असतो, आणि बहुतेक ठिकाणी तो आवाज माइकवरून येतो. सगळ्या सभांना नेमाने येणारी, मंडळीचा आधारस्तंभ म्हणवली जाणारी बहीण आठवड्यात दहा-बारा तास प्रार्थनेच्या वातावरणात असते आणि तरी एकदाही देवासमोर एकटी बसलेली नसते. सभांमधून हळूहळू एक समजही पक्का होत जातो, की ज्याला सफाईने, न अडखळता, मोठ्याने प्रार्थना करता येते तो प्रार्थनेत बळकट. ज्याला शब्द सापडत नाहीत तो मागच्या बाकावर जाऊन बसतो. एकांतात शब्दांची ही परीक्षा नसते, म्हणून त्या मागच्या बाकासाठी तरी ही सोय हवी.

मार्कच्या पहिल्या अध्यायातला प्रसंग कमिटीच्या बैठकीत एकदा सावकाश वाचावा अशी विनंती आहे. कफर्णहूमातली संध्याकाळ. दारापाशी सगळं गाव लोटलेलं, कितीतरी आजारी बरे झालेले. दुसऱ्या दिवशी अगदी पहाटे, अंधार असताना, प्रभू उठून एकांत जागी जातो. शिमोन आणि बाकीचे त्याला हुडकत येतात. त्यांचं म्हणणं आपल्या ओळखीचंच आहे: सगळे आपल्याला शोधत आहेत. आणि उत्तर येतं, चला, आसपासच्या दुसऱ्या गावांना जाऊ. म्हणजे त्या पहाटेच्या प्रार्थनेतून एक नकार बाहेर पडला. जिथे यश मिळत होतं, मागणी होती, तिथेच थांबायचं नाही हे ठरलं. लूकने पाचव्या अध्यायात हेच आणखी नेमकं नोंदवलं आहे: लोकांच्या झुंडी येत होत्या, आणि तो मात्र रानात जाऊन प्रार्थना करत असे. झुंडी ओसरल्यावर गेला असं लूक म्हणत नाही. सेवा संपेल, मग वेळ मिळेल, या आपल्या हिशोबाला शुभवर्तमानात आधार सापडत नाही.

आता इमारतीचं. पुढची व्यवस्था लहान मंडळीलाही झेपते.

आठवड्यातून तीन दिवस, सकाळी साडेपाच ते सात आणि रात्री आठ ते साडेनऊ, एवढ्यावर सुरुवात करा. रोज नको. रोजचा उत्साह महिनाभर टिकतो, मग किल्लीवाला कंटाळतो आणि सगळंच बंद पडतं. प्रत्येक वेळी दोन जबाबदार माणसं हजर हवीत, त्यातली एक बाई. हे सुरक्षिततेसाठी आहे, यात तडजोड नको. त्या दोघांनी दाराजवळ बसायचं. कोणाला उपदेश नाही, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना नाही, ‘काय अडचण आहे, ताई?’ अशी चौकशी नाही. मागच्या बाजूचे दोन दिवे पुरतात. खाली बसणाऱ्यांसाठी सतरंज्या, गुडघेदुखीवाल्यांसाठी बाक आहेतच. दारापाशी एक टोपली, तिच्यात बंद केलेले मोबाइल. की-बोर्ड, रेकॉर्डवरची मंद गाणी, उदबत्तीसारखं वातावरण तयार करणारं काहीही नको. शांतता सहन होत नाही म्हणून आपण संगीत लावतो, आणि मग माणूस देवाऐवजी त्या सुरांमुळे हळवा होतो.

हजेरीची वही ठेवू नका. कोण किती वेळा आलं हे लिहायला लागलात की मत्तयच्या त्याच सहाव्या अध्यायातलं आधीचं, पाचवं वचन तुमच्या दारात उभं राहील: लोकांनी पाहावं म्हणून प्रार्थना करणाऱ्यांचं. वार्षिक अहवालातही ‘एकांत प्रार्थनेस सरासरी इतके सभासद’ असा आकडा येऊ नये. पहिल्या दोन महिन्यांत तीन किंवा चारच माणसं दिसतील. त्यावरून योजना फसली असं ठरवू नका.

लाइट बिलाचा मुद्दा बैठकीत निघणारच, म्हणून हिशोब आधीच देतो. २० वॅटच्या दोन एलईडी ट्यूब आणि ७५ वॅटचे दोन पंखे तीन तास चालले तर दिवसाला साधारण ०.५७ युनिट. महिन्यात तेरा दिवस धरले तर साडेसात युनिटही होत नाहीत. नाताळच्या रोषणाईत एवढी वीज कधी गेली हे कळतही नाही.

शिकवण्याचं काम याहून अवघड आहे, कारण ते करण्याआधी शिकवणाऱ्याने स्वतः बसलेलं असावं लागतं. सुरुवात वीस मिनिटांनी करा. तासाची भाषा पहिल्या वर्षात नको. वीस मिनिटं रोज, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी. ती वेळ पहाटेचीच हवी असा हट्ट धरू नका. मुलं शाळेत आणि नवरा कामाला गेल्यावरची सकाळी अकराची वेळ पुष्कळ बायांसाठी दिवसातली एकमेव निवांत वेळ असते. रात्रपाळीच्या नर्सची पहाट दुपारी दोनला होते.

उतारा आदल्या रात्रीच ठरलेला असावा, खूण घातलेली असावी. सकाळी ‘आज काय वाचू’ म्हणून पानं चाळण्यात दहा मिनिटं जातात. नवख्यासाठी मार्कचं शुभवर्तमान उत्तम. त्यात १६ अध्याय आहेत, साधारण पावणेसातशे वचनं. रोज आठ-नऊ वचनं घेतली की अडीच महिने पुरतं. त्यानंतर स्तोत्रसंहिता. पवित्र शास्त्र छापील असावं. मोबाइलवरचं चालेल का, असं सगळे विचारतात. मजकूर तोच असतो, हे खरं. पण वचनाच्या डोक्यावर व्हॉट्सअ‍ॅपची सूचना येऊन बसते आणि बोट आपोआप तिकडे जातं. गजरासाठी साधं टेबलावरचं घड्याळ आणा.

बसण्याआधीची एक लहान पायरी बहुतेक जण गाळतात. सोळाव्या शतकात येशू संघाचा संस्थापक, लोयोलाचा इग्नेशियस, याने साधकांसाठी लिहून ठेवलेल्या सूचनांमध्ये ती आहे. प्रार्थनेच्या जागेपासून एक-दोन पावलं अलीकडे उभं राहायचं, एक ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणायला लागतो तेवढाच वेळ, आणि देव आत्ता माझ्याकडे कसा पाहतो आहे एवढंच मनात आणायचं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पण ओट्यावरून थेट सतरंजीवर आलेलं मन या अर्ध्या मिनिटात घरात येतं. बसण्याबद्दलही इग्नेशियस उदार होता. गुडघे टेका, उभे राहा, बसा, अगदी उताणे पडा, ज्यात मन लागेल ते घ्या. मात्र एकदा लागलं की बदलू नका. आमची पुस्ती एवढीच: दिवसभर राबलेल्या माणसाने उताणं पडू नये. का ते सांगायला नको.

बसल्यावर पहिली दोन मिनिटं काही करायचं नाही. श्वास आपोआप संथ होतो. मग उतारा दोनदा वाचायचा: एकदा मनात, एकदा आपल्याच कानाला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात. दुसऱ्या वाचनात कुठला तरी शब्द अडतो. आंधळ्या बरतीमायच्या गोष्टीत ‘मी तुझ्यासाठी काय करावे’ इथे अडेल, वादळाच्या गोष्टीत ‘उशी घेऊन झोपला होता’ इथे. अडला तिथेच थांबायचं. पुढे वाचायचं नाही, टीकाग्रंथ उघडायचा नाही, संदर्भवचनं शोधायची नाहीत. बायबल स्टडीत आपण वचनाला प्रश्न विचारतो; इथे वचन आपल्याला विचारतं. तो शब्द घेऊन सात-आठ मिनिटं गप्प बसायचं. त्यानंतर तीन-चार मिनिटं बोलायचं, शेजारी बसलेल्याशी बोलावं तसं, प्रार्थनासभेची भाषा बाजूला ठेवून. शेवटच्या मिनिटात वहीत एकच ओळ: तारीख, वचन आणि अडलेला शब्द. दैनंदिनी लिहायला लागलात तर लिहिण्यातच रमाल. वाचन, मनन, प्रार्थना आणि मग निवांत पाहत राहणं, अशी ही चार पायऱ्यांची शिडी बाराव्या शतकात दुसरा गिगो या कार्थुसियन संन्याशाने मांडून ठेवली आहे. आम्ही फक्त तिला मिनिटं लावली.

त्या वहीची गंमत महिनाभराने कळते. तीस ओळी एका दमात वाचल्या की दिसतं, वेगवेगळ्या उताऱ्यांत एकच गोष्ट चार-पाच वेळा अडलेली आहे. कोणाला क्षमा करायची राहिली आहे, कुठलं काम सोडायचं आहे, कशाची भीती आहे. देवाचं ऐकणं म्हणजे कानात आवाज येणं असं समजून लोक वाट पाहत बसतात आणि निराश होतात. बहुतेकांच्या बाबतीत ऐकणं असं होतं: एकच बोट पुन्हा पुन्हा एकाच जागी टेकतं, आणि ते लक्षात यायला महिना लागतो.

बिघडतं कुठे, हेही सांगायला हवं, कारण पहिल्या महिन्यात गळालेल्याला कोणी कारण सांगत नाही आणि तो स्वतःलाच कमी विश्वासाचा ठरवून मोकळा होतो.

सर्वांत जास्त वेळ यादी खाते. मुलाची नोकरी, नणंदेचं ऑपरेशन, पाळक साहेबांचा दौरा, देशाचे पुढारी. मध्यस्थीची प्रार्थना मोलाची आहे, पण तिला वेगळी वेळ द्या, नाहीतर वीस मिनिटं आपणच बोलत राहतो. यादी कागदावर लिहून बायबलखाली ठेवा. ती देवाला ठाऊक आहे.

झोप लागते, तिचं कारण बहुतेक वेळा झोप कमी पडणं हेच असतं. सैतानाला उगाच श्रेय देऊ नका. पाच तास झोपणाऱ्याने पहाटेचा आणखी अर्धा तास तोडला तर आठवड्यात आजारी पडेल. आदल्या रात्रीची मालिका सोडा, किंवा वेळ बदला. अंथरुणावर बसून मात्र प्रार्थना नको.

मन भरकटतं ते सगळ्यांचंच. एकेका विचाराशी झटापट करू नका, अडलेल्या शब्दाकडे परत या. मात्र एकच विचार रोज येत असेल, कर्जाचा हप्ता किंवा भावाशी झालेलं भांडण, तर त्याला हाकलू नका. त्या दिवशी तोच उतारा समजा.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कोरडेपणा येतो. सुरुवातीची गोडी जाते, घड्याळाचा काटा हलत नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एवाग्रियसने याचं वर्णन केलं आहे: दुपारी सूर्य जागचा हलत नाही असं वाटतं आणि साधू सारखा खिडकीबाहेर बघतो. अविलाची तेरेसा प्रार्थनेची शिक्षिका म्हणून जगभर मानली जाते. तिनेही कबूल केलं आहे, की अनेक वर्षं तिचं लक्ष प्रार्थनेपेक्षा तास कधी संपतो याकडे असायचं. यावर इग्नेशियसचा उपाय खमका आहे. कोरडं वाटलं की ठरल्यापेक्षा थोडं जास्तच बसायचं, कमी नाही. वीस मिनिटांच्या जागी एकवीस. दुसरा नियम याहून महत्त्वाचा: अशा कोरड्या, उदास काळात आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. नोकरी सोडणं, मंडळी बदलणं, साखरपुडा मोडणं, सगळं मन थाऱ्यावर येईपर्यंत थांबू द्या. आपल्या पंचांनी हा एक नियम जरी तरुण संघाला शिकवला तरी पुष्कळ पस्तावा वाचेल.

दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी चाळीस मिनिटं करून भरपाई करू नका. तो बँकेचा हप्ता नव्हे.

ज्यांना वीस मिनिटंही सलग मिळत नाहीत त्यांचं काय? अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) आणि बीडकडची ऊसतोडीला जाणारी कुटुंबं हंगामात कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, राहतात, मध्यरात्रीनंतर गाड्या भरायला उठतात. त्यांच्यापुढे ‘शांत वेळे’चं प्रवचन करणं क्रूरपणाचं आहे. त्यांच्यासाठी परंपरेत वेगळी वाट आहे. इजिप्तमधले साधू वारंवार बाणासारख्या लहान प्रार्थना सोडत, असं ऑगस्टीनने प्रोबा नावाच्या विधवेला लिहिलेल्या पत्रात म्हटलं आहे. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवपुत्रा, मज पाप्यावर दया कर’ एवढंच श्वासाबरोबर म्हणत राहतात. इग्नेशियसने प्रभूच्या प्रार्थनेचा एकेक शब्द एकेका श्वासावर घ्यायला सांगितला आहे. ‘पित्या’ या शब्दावर एक श्वास, पुढच्या शब्दावर पुढचा. मोळी बांधताना, भाकरी थापताना, एसटीच्या रांगेत हे होतं. आणि रात्री पाठ टेकण्याआधी पाच मिनिटं: आजच्या दिवसाबद्दल आभार, नीट दिसावं म्हणून प्रकाशाची मागणी, सकाळपासूनच्या तासांवर एक नजर, चुकलं त्याची क्षमा, उद्याचं एक पाऊल. या पाच गोष्टी हाताच्या पाच बोटांवर संडेस्कूलच्या मुलांनाही शिकवता येतात.

आता नाजूक भाग. आपण लोकांना ऐकायला शिकवलं की कोणीतरी उठून म्हणणार, ‘देव मला बोलला.’ हा धोका खरा आहे आणि त्यामुळेच काही पाळक या वाटेला जायचं टाळतात, हे आम्ही समजू शकतो. देवाच्या नावावर लग्नं जुळवली जातात, मोडली जातात, दानाचे आकडे सांगितले जातात. पण लोकांना ऐकायलाच न शिकवल्याने हा धोका कमी होत नाही. ज्याला पारख नाही तो पहिल्या मोठ्या आवाजाच्या मागे जातो.

पारखायचं कसं, हे उघडपणे शिकवा. जे ऐकलं ते ख्रिस्ताच्या स्वभावाशी आणि शास्त्राच्या एकूण शिकवणीशी जुळतं का. संदर्भातून तोडलेल्या एका वचनाशी जुळून भागत नाही. ते माझ्या फायद्याचं आहे का, माझ्या रागाला सोयीचं आहे का. असेल तर दुप्पट शंका घ्या. ते माझ्याबद्दल आहे की दुसऱ्याबद्दल? ‘देवाने मला सांगितलं की तू अमुक कर’ असं म्हणणाऱ्याला अदबीने सांगावं, की देवाला माझाही पत्ता ठाऊक आहे. त्यात घाई आहे का? ‘आजच, आत्ताच, कोणाला विचारू नकोस’ हा सूर मेंढपाळाचा नसतो. ते ऐकून महिनाभरानंतर घरातल्यांना माझ्यात गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातलं फळ दिसतं का: शांती, सहनशीलता, ममता? शेवटी, एका प्रौढ, तोंड बंद ठेवणाऱ्या व्यक्तीला सांगून झालं का? पैसा, लग्न, औषधोपचार आणि नोकरी या चार बाबतींत सांगितल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, असा मंडळीचा नियमच असावा.

एक गोष्ट अगदी स्पष्ट लिहितो. कोणाला प्रत्यक्ष आवाज ऐकू येऊन ते शिव्या देत असतील, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असतील, कोणी रात्रंदिवस झोपत नसेल, किंवा औषध बंद करायला देवाने सांगितलं म्हणत असेल, तर त्याला उपास-प्रार्थनेला बसवू नका. त्याच दिवशी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे न्या, सोबत जा, मग प्रार्थना करा. खूप निराश झालेल्या माणसालाही लांब मौन सोसत नाही. त्याला कोणाच्या तरी सोबत पाच मिनिटं पुरेत.

शमुवेलाची गोष्ट आपण मुलांना सांगतो, खरं म्हणजे ती पाळकांची गोष्ट आहे. मुलाला हाक येते आणि तो तीनदा म्हाताऱ्या याजक एलीकडे धावतो. त्याला आवाज ओळखता येत नाही. एलीची नजर मंद झालेली, घरात मुलगे हाताबाहेर गेलेले. तरी त्या रात्री त्याने एक काम अचूक केलं. देव काय म्हणाला असेल हे त्याने सांगितलं नाही. ‘जाऊन नीज, आणि हाक आली तर म्हण: बोल, तुझा दास ऐकत आहे,’ एवढं शिकवून त्याने मुलाला परत त्याच्या जागी पाठवलं. मार्गदर्शकाचं काम इथे सुरू होतं आणि इथेच संपतं. पुढे जे घडलं तेही लक्षात घ्या. शमुवेलाने ऐकलं ते एलीच्याच घराण्याविरुद्ध होतं. सकाळी एलीने त्याला बोलावून सांगितलं, माझ्यापासून काही लपवू नकोस. ऐकणारे सभासद तयार करणाऱ्या पाळकाला कधीतरी स्वतःबद्दलचं कडू ऐकावं लागेल, याची तयारी ठेवूनच हे कुलूप उघडायचं आहे.

पाळकांच्या स्वतःच्या एकांताबद्दल कमिटीला सांगायचं आहे. उपदेशाची तयारी म्हणजे वैयक्तिक प्रार्थना नव्हे. शनिवारी रात्री वचन वाचताना पाळकाच्या डोळ्यांपुढे रविवारचे श्रोते असतात. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात प्रेषितांनी वाढप्याचं काम सात जणांकडे सोपवलं, ते प्रार्थना आणि वचनाची सेवा यांना वेळ मिळावा म्हणून. आपल्या पाळकांना आठवड्यातून एक अर्धा दिवस, समजा गुरुवारी सकाळी सहा ते बारा, फोनपासून मोकळा द्या. त्या वेळेत दोन पंचांनी आळीपाळीने फोन घ्यावेत. मृत्यू आणि दवाखान्यात तातडीची भरती, या दोनच कारणांसाठी पाळकांना उठवावं. बाप्तिस्म्याचा दाखला, घरभरणीची प्रार्थना आणि हॉलचं बुकिंग दुपारपर्यंत थांबतं. आणि त्या सकाळी पाळक काय करतात याचा हिशोब मागू नका.

रविवारच्या उपासनेत दोन मिनिटांची शांतताही आणता येईल, पण बेताने. उपदेश संपल्यावर, गीताआधी. पहिल्या रविवारी तीस सेकंद, आणि किती वेळ ते आधी सांगून. न सांगता गप्प झालात तर लोकांना वाटतं माइक बंद पडला. खोकले येतील, एखादं मूल रडेल, चालू द्या. दर दोन रविवारी अर्धा मिनिट वाढवत गेलात की सातव्या रविवारी दोन मिनिटं होतात. त्यानंतर लगेच सूचना वाचायला चिटणीस उभे राहिले तर केलेलं सगळं वाया जातं. सूचना आधीच उरका.

मे महिन्यातल्या शिबिराबद्दल एवढंच: दिवसाला सात व्याख्यानं ठेवून त्याला ‘एकांत शिबिर’ म्हणू नये. एक दिवस पुरतो, सकाळी नऊ ते चार. पंधरा मिनिटांची तीन मार्गदर्शनं, प्रत्येकानंतर पन्नास मिनिटं प्रत्येकाने आपापल्या झाडाखाली, जेवणही मौनात. पहिल्या तासाभरात आयोजकच घाबरतात आणि ‘एक गीत घेऊया’ म्हणतात. त्यांना आधीच दम द्या.

काहींना हे सगळं आपलं वाटणार नाही. मौन, श्वास, आसन, हे तर योगाचं, असा आक्षेप येतो. वाळवंटातले अंतोनी, एवाग्रियस ही मंडळी तिसऱ्या-चौथ्या शतकातली, आणि त्यांच्या मौनात मन रिकामं करणं हा शेवट नव्हता. हातात वचन होतं, समोर ख्रिस्त होता. आपल्याकडे इंग्रज मिशनरी जॅक विन्स्लो यांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला आणि पुढे पुण्यात त्याचा आश्रम उभा राहिला. येशू संघाचे पाद्री अँथनी डिमेलो यांनी पुण्यात सुरू केलेली आणि पुढे लोणावळ्याला गेलेली साधना संस्थाही याच वाटेवरची. डिमेलोंच्या काही मतांबद्दल व्हॅटिकनने १९९८ मध्ये सावधगिरीची सूचना दिली, हेही खरं. तेव्हा डोळे उघडे ठेवून शिका. दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो: आमची परंपरा मोठ्याने प्रार्थना करण्याची आहे. आहेच. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली झालेलं आत्मिक जागरण मोठ्या आवाजातल्या सामूहिक प्रार्थनेसाठी ओळखलं जातं. ती प्रार्थना कमी करा असं आम्ही म्हणत नाही. दाराला आतून कडी लावण्याबद्दल प्रभू जे बोलला त्याला तिच्याशेजारी जागा द्या, एवढंच. आणि ना. वा. टिळक तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले असं आपण अभिमानाने सांगतो, तेव्हा तुकोबा वारीत नाचले तसे भंडारा डोंगरावर एकटेही बसत, हेही सांगत जाऊ.

पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर हे तीन ओळींत येऊ शकतं: इमारत उघडण्याचे दिवस आणि वेळा; दाराशी बसणाऱ्या आठ माणसांची पाळी; पाळकांचा मोकळा अर्धा दिवस. आगमनकाळाचा पहिला रविवार सुरुवातीला सोयीचा आहे, नाताळआधी तीन-चार आठवडे मिळतात. किल्लीच्या दोन प्रती करून घ्या. एक किल्लीवाला गावाला गेला की दार बंद, असं पहिल्याच महिन्यात व्हायला नको.

आपल्याच मंडळ्यांतले,
एकांत-प्रार्थनेचे वर्ग घेणारे काही सभासद